मुक्काम खानदेश : एका कादंबरीवाचकाच्या टिपणांना प्रस्तावना

ज्या टिपणांना ही प्रस्तावना जोडली जात आहे ती लिहिणारे गृहस्थ साहित्याचे अध्यापक नाहीत, समीक्षक म्हणून त्यांचे नाव आजवर कोठे छापून आलेले नाही, आणि या पुस्तकावरही ते छापले जाऊ नये अशी त्यांची अट असल्यामुळे पुढील मजकुरात त्यांचा निर्देश मी ‘टिपणकार’ एवढ्याच शब्दाने करणार आहे. धुळ्याच्या कलेक्टर कचेरीतील दप्तरखान्यात ज्यांची सारी नोकरी गेली अशा या अव्वल कारकुनाने सेवानिवृत्त झाल्यावर, धुळ्यात असताना गरुड वाचनालयातून आणि लेकीकडे जळगावी मुक्काम पडला म्हणजे व. वा. वाचनालयातून, कादंबऱ्या आणून वाचावयास प्रारंभ केला. आणि हाती आलेला कोणताही कागद समासात शेरा लिहिल्यावाचून पुढच्या टेबलाकडे सरकवावयाचा नाही ही हाताला जडलेली सवय सुटलेली नसल्यामुळे, वाचून संपलेल्या प्रत्येक कादंबरीबद्दल त्यांनी आपल्या वहीत एकेक शेरा लिहून ठेवला. कोठे तो दोन ओळींचा आहे, कोठे सात-आठ पृष्ठांचा. एका प्रेमकथेखाली ‘नायकाच्या उपजीविकेचा पुरावा सादर नाही’ एवढेच लिहून त्यांनी प्रकरण निकालात काढले आहे. एका ऐतिहासिक कादंबरीखाली ‘मजकूर वाचनीय, मात्र स्थळपाहणी झालेली दिसत नाही’ असा शेरा मारून त्या स्थळाचा नकाशा स्वहस्ते काढून सोबत जोडला आहे.

वाचनाची निवड त्यांनी बुद्धिपुरस्सर तीन प्रकारांपुरती मर्यादित ठेवली: प्रणयप्रधान, अद्भुतरम्य आणि ऐतिहासिक. वास्तववादी म्हणून नावाजलेल्या सामाजिक कादंबऱ्या का टाळल्या असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘सर, भावाभावांची वाटणी, विधवेची बेदखली, सावकाराचे गहाणखत, हे सारे मी नोकरीभर अस्सल कागदावर वाचले, आता नकला कशाला?’ हे उत्तर साहित्यशास्त्राला मान्य होण्यासारखे नाही आणि मलाही ते पूर्णतः पटत नाही. पण ज्या तीन प्रकारांना आपली विद्वत्समीक्षा बहुधा ‘रंजनपर’ या एका शिक्क्याखाली बाजूस सारते, त्यांची इतकी शांतपणे, हेत्वारोप न करता आणि मुख्य म्हणजे शेवटच्या पानापर्यंत वाचून झालेली छाननी माझ्या पाहण्यात फारशी नसल्यामुळे, ही वही छापली जावी असा आग्रह मी धरला आणि त्याची शिक्षा म्हणून प्रस्तावनेचे काम माझ्याकडे आले.

धुळेकर माणसाच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहावयाची हे थोडे धाडसाचेच काम होय. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे देहावसान ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच झाले, त्यांच्या दप्तराच्या जतनासाठी लगोलग १९२७ साली तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले, आणि मराठीत प्रस्तावना ही मूळ ग्रंथापेक्षाही अधिक काळ वाचली जाऊ शकते हे ज्यांनी सिद्ध करून दाखविले त्यांत राजवाड्यांचे स्थान पहिले आहे. त्यांचा निर्देश येथे आणखी एका कारणाने आवश्यक ठरतो. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध करून १७५० ते १७६१ या कालखंडातील अस्सल पत्रे ज्या मनुष्याने महाराष्ट्रापुढे ठेवली, त्याच मनुष्याने १९०२ साली ‘कादंबरी’ या विषयावर स्वतंत्र निबंध लिहून, फ्रेंच व रशियन कादंबरीकारांच्या शेजारी आपल्या कादंबऱ्या मांडल्या आणि अद्भुत व वास्तव या दोन प्रवृत्तींची चर्चा केली. कागदाचा इतका कट्टर उपासक कल्पितालाही विचारार्ह समजतो, त्याच्यासाठी वेळ काढतो, ही गोष्ट टिपणकारांच्या मनात खोल रुजलेली असावी. कारण त्यांच्याही शेऱ्यांत दस्तऐवजाची निष्ठा आणि गोष्टीचा लोभ एकत्र नांदतात, आणि पुष्कळदा भांडतातही.

हे तीन प्रकार वेगवेगळ्या कपाटांत ठेवण्याचा वाचनालयांचा प्रघात असला, तरी मराठीत त्यांचे मूळ एकच आहे असे माझे मत झाले आहे, आणि त्याचा पुरावा, योगायोगाने, एका प्रस्तावनेतच सापडतो. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाली आणि विधवांच्या दुःस्थितीचे चित्र काढून मराठी कादंबरीने वास्तवाच्या वाटेने पहिले पाऊल टाकले. परंतु पुढे दहा-अकरा वर्षांनी ‘मंजुघोषा’कर्ते नारो सदाशिव रिसबूड यांनी आपल्या कादंबरीच्या प्रारंभी जी तक्रार नोंदविली, तिने पुढील कित्येक दशकांची दिशा ठरवून टाकली. आपल्या लोकांची विवाहपद्धती आणि इतर चालीरीती अशा आहेत की आपल्या नित्य आयुष्यात मन वेधून घेईल असे गुण नाहीत की दोष नाहीत. तेव्हा रोजच्या अनुभवाचे लिहावे तर ते बेचव होणार, आणि मनोरंजन करावयाचे तर अद्भुताचा आश्रय करण्यावाचून गत्यंतर नाही, असा तिचा सारांश. आठव्या-दहाव्या वर्षी मुलीचे लग्न उरकून टाकणाऱ्या समाजात अनुराग, विरह, मीलन ही प्रेमकथेची सामग्री आणावयाची कोठून, असा हा शुद्ध व्यावसायिक पेच होता. आणि राजपुत्र, राजकन्या, अरण्ये, शाप यांच्या प्रदेशात कथा नेली की वडिलांच्या संमतीवाचून तरुण-तरुणींची गाठ घालता येते, हा त्यावरील तोडगा. म्हणजे मराठीत अद्भुतकथा जन्माला आली ती प्रेमकथेला राहावयास घर नव्हते म्हणून.

ऐतिहासिक कादंबरी हा त्याच तक्रारीवरील दुसरा तोडगा होय. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तारा’तून प्रकाशित होऊन १८७१ साली पूर्ण झाली, आणि शिवकालाच्या पार्श्वभूमीवर एक कल्पित गड उभारून गुंजीकरांनी असे दाखविले की शाप आणि परकायाप्रवेश नसतानाही गतकाळात रोमांच असतो, आणि तो आपला असतो. पुढे हरिभाऊंनी या मार्गाचा राजरस्ता केला. हरी नारायण आपटे यांचा जन्म १८६४ साली आमच्या पारोळ्याचा, ही गोष्ट जळगाव जिल्ह्यात अभिमानाने सांगितली जाते, टिपणकारांनी मात्र त्या अभिमानाखालीही शेरा मारला आहे की ‘जन्म येथील, संस्कार मुंबई-पुण्याचे, खाते तिकडे वर्ग’. कठोर असला तरी तो अयथार्थ नाही. ‘उषःकाला’त विजापूरचा मुलूख आहे, ‘वज्राघाता’त विजयनगर आहे, मगधापासून म्हैसूरपर्यंत हरिभाऊंची लेखणी फिरून आली आहे, पण ज्या गावी त्यांनी डोळे उघडले त्या गावी, भर वस्तीत, खंदक असलेला एक भुईकोट किल्ला होता आणि त्याचे जहागीरदार नेवाळकर हे झाशीच्या राजघराण्याचे भाऊबंद होते, १८५७ च्या उठावानंतर ती जहागीर इंग्रजांनी जप्त केली आणि किल्ला पाडावयास घेतला, हा सारा मजमून हरिभाऊंच्या जन्माच्या केवळ पाच-सात वर्षे आधी तेथे घडलेला असूनही त्यांच्या कादंबरीसृष्टीत त्याला जागा मिळाली नाही. पारोळ्याच्या किल्ल्याच्या आजच्या अवस्थेबद्दल मी येथे काही लिहीत नाही. बाजाराच्या दिवशी जाऊन ज्याने त्याने पाहावे.

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वरील टिपण या वहीत सर्वांत दीर्घ आहे आणि माझ्या मते सर्वांत मार्मिकही. ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली, साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला, आणि तिच्यानंतर ऐतिहासिक कादंबऱ्यांची जी लाट उसळली ती अद्याप ओसरलेली नाही, हे सर्वश्रुत आहे. टिपणकारांचे म्हणणे असे की लोकांनी ‘स्वामी’ इतिहास म्हणून डोक्यावर घेतली नाही, प्रेमकथा म्हणून घेतली. थोरल्या माधवरावांच्या मोहिमा आणि राघोबादादांशी झालेले तंटे हे तिचे कागदपत्र असले, तरी तिचा दावा रमा-माधवाच्या संसाराचा आहे, आणि थेऊरला १७७२ साली त्या संसाराचा जो अंत झाला तो ठाऊक असलेला वाचकच पहिल्या पानापासून डोळ्यांत पाणी आणून वाचत असतो. मला यापुढे एक पाऊल टाकावेसे वाटते. रिसबुडांची अडचण अशी होती की लग्न लागल्यावर गोष्ट संपते आणि लग्नापूर्वी ती सुरूच होत नाही. विवाहितांचे प्रेम हा कादंबरीचा विषय होऊ शकेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. देसाईंनी पती पेशवा केला, त्याला क्षय दिला, घरात भाऊबंदकी आणि बाहेर निजाम ठेवला, आणि एका साध्या, वडीलधाऱ्यांनी जुळविलेल्या लग्नातून महाराष्ट्राला पुरून उरेल एवढी प्रीती निर्माण केली. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ने दहा वर्षांनी नेमकी उलट बाजू मांडली: विवाहाबाहेरचे, धर्माबाहेरचे प्रेम, आणि त्यापुढे हतबल झालेला पहिला बाजीराव. या दोन पुस्तकांत कोणते श्रेष्ठ यावर आम्हा दोघांचा वाद आहे. मी ‘राऊ’च्या बाजूचा, टिपणकार मस्तानीबद्दल सहानुभूती बाळगूनही काशीबाईंच्या वतीने हरकत नोंदवितात, आणि बाजीरावांचा मृत्यू ज्या रावेरखेडीला १७४० साली झाला तिच्याखाली, नामसादृश्याने होणारी गल्लत टाळण्यासाठी, ‘हे रावेर आमचे नव्हे, नर्मदाकाठचे’ असा खुलासाही करतात.

येथवर जे लिहिले ते पुण्यास बसूनही लिहिता आले असते. या वहीचा जो भाग धुळ्या-जळगावाखेरीज अन्यत्र लिहिला गेला नसता, आणि ज्यासाठी ती छापण्याचा खटाटोप केला, तो आता येतो.

मराठी ऐतिहासिक कादंबरी वाचताना आपण कोठे उभे असतो? सामान्यतः नायकाच्या घोड्याच्या मागे. फौज निघाली की आपण तिच्याबरोबर निघतो, मुक्काम पडला की मुक्काम करतो, आणि वाटेतला मुलूख हा वाटेतलाच राहतो. खानदेश हा शतकानुशतके असा वाटेतला मुलूख आहे. दक्षिणेतून हिंदुस्थानात जावयाचे तर अजिंठ्याचा डोंगर उतरून, तापी ओलांडून, बुऱ्हाणपूर आणि अशीरगडाच्या दरवाजातून जावे लागे. म्हणून विश्वास पाटलांच्या ‘पानिपता’त परतुराहून निघालेली भाऊसाहेबांची फौज बुऱ्हाणपुरावरून नर्मदेच्या उताराकडे सरकते, आणि तिच्यासवे सरकलेला वाचक पुन्हा मागे वळून पाहत नाही. टिपणकार मात्र फौजेबरोबर जात नाहीत. ते बांधावर उभे राहतात आणि फौज गेल्यावर शेतात काय उरले ते विचारतात.

शिवाजी सावंतांच्या ‘छावा’तील संभाजीराजांच्या कारकिर्दीचा आरंभ ज्या पराक्रमाने झाला तो म्हणजे १६८१ सालची बुऱ्हाणपूरची लूट. बुऱ्हाणपूर हे त्या वेळी खानदेश सुभ्याचे ठाणे. त्याही आधी १६७५ आणि १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजांनी धरणगाव लुटले, दुसऱ्या खेपेस चोपडेही लुटले. धरणगाव ही तेव्हा कापडाची नामांकित पेठ, इंग्रजांनी तेथे वखार घातलेली. मोगली सत्तेचे अर्थबळ तोडणे हे त्या स्वाऱ्यांचे प्रयोजन होते आणि राजनीतीच्या दृष्टीने ते समर्थनीय आहे, याविषयी टिपणकारांच्या मनात संदेह नाही. महाराजांवरील त्यांची भक्ती कोणाहून उणी नाही. पण धरणगावच्या साळ्याने आणि कोष्ट्याने ही कादंबरी कोठे उभे राहून वाचावयाची, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. मागाखाली लपलेल्या माणसाची जबानी घेतल्यावाचून चौकशीचे कागद पुरे होत नाहीत, असे ते लिहितात.

‘झुंज’वरील टिपणात हा प्रश्न तीव्र होतो. इनामदारांनी यशवंतराव होळकरांना नायकत्व देऊन इतिहासात बंडखोर आणि पेंढारी म्हणून उभ्या केल्या गेलेल्या एका विलक्षण पुरुषाला न्याय दिला, ही त्या कादंबरीची थोरवी मला निर्विवाद वाटते. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या मैदानावर शिंदे-पेशव्यांच्या फौजेची दाणादाण उडविणारा हा सेनानी त्याच साली खानदेशातून गेला होता. होळकरी फौजेने या मुलखाची धूळधाण केली, पेरणी राहिली, त्यामागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ आला, गावेच्या गावे ओस पडली आणि पूर्वी जेथे मळे होते तेथे जंगल माजून वाघ हिंडू लागले, असे १८८० साली जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या खानदेश गॅझेटिअरवरून कळते. टिपणकारांनी नोकरीत ज्या जुन्या कागदांची धूळ झाडली त्यांत ‘बेचिराख’ असा शेरा असलेल्या गावांच्या याद्या होत्या. ‘झुंज’ वाचून त्यांच्या डोळ्यांसमोर त्या याद्या आल्या. ती कादंबरी त्यांनी आपल्या वृद्ध मावशींना वाचून दाखविली तेव्हा, आयुष्यभर अहिराणीवाचून दुसरे काही न बोललेल्या त्या बाईंनी यशवंतरावांच्या शौर्याच्या पानांवर मध्येच ‘हाई खरं शे का?’ असे विचारले, आणि ‘खरे आहे’ असे सांगताना आपला आवाज थोडा खाली गेला, असे टिपणकारांनी नमूद केले आहे.

येथे मला एक गंभीर हरकत घ्यावयाची आहे, आणि ती त्यांच्या संमतीने छापीत आहे. टिपणकारांचा कागदावरचा विश्वास कचेरीतला आहे. कागद जुना, सहीशिक्क्याचा, म्हणून तो खरा. पण गॅझेटिअर हा ज्या सरकारचा दस्तऐवज, त्याचे हितसंबंध लक्षात घेतल्यावाचून तो पुराव्यात रुजू करून घेता येत नाही. १८१८ च्या आधीचा खानदेश जितका उजाड दाखवावा तितकी कॅप्टन ब्रिग्जने वसविलेल्या धुळ्याच्या पेठेची आणि औट्रामने उभारलेल्या भिल्ल पलटणीची कीर्ती वाढते, हे त्या ग्रंथाच्या संकलकांना कळत नव्हते असे समजणे भोळेपणाचे होईल. उजाडीचे खापर एका होळकरावर फोडले की त्याआधीची निजामाशी चाललेली ओढाताण, मामल्यांचे लिलाव, आणि त्यानंतरची कंपनी सरकारची करडी जमाबंदी या गोष्टी आपोआप अंधारात जातात. राजवाड्यांच्या गावी राहणाऱ्या माणसाने हे ध्यानात ठेवावयास हवे होते. ही हरकत ऐकून टिपणकार बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘मंजूर, पण मग थाळनेरची कादंबरी कोणी लिहायची?’

थाळनेर हे शिरपूर तालुक्यात तापीकाठी आहे. होळकरांशी तह होऊन हा किल्ला इंग्रजांना मिळावयाचा ठरला असता, २७ फेब्रुवारी १८१८ रोजी, दरवाजात झालेल्या झटापटीनंतर सर थॉमस हिस्लॉपच्या सैन्याने आतील शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदार तुळशीराम मामांना तेथेच फाशी दिले. खुद्द इंग्लंडातही या कृत्याबद्दल हिस्लॉपला जाब विचारला गेला. ज्या प्रसंगांवर उत्तम कादंबरी वाचावयास मिळावी अशी टिपणकारांची इच्छा आहे त्यांची एक यादीच वहीत आहे, आणि थाळनेर तिच्या शिरोभागी आहे. त्याखाली फारुकी सुलतान: थाळनेर, लळिंग, अशीरगड, बुऱ्हाणपूर अशी दोनशेहून अधिक वर्षांची स्वतंत्र राजवट, जिचा शेवट १६०१ साली अकबराने अशीरगड घेतला तेव्हा झाला आणि शाहजादा दानियालच्या नावावरून या सुभ्याला काही काळ ‘दानदेश’ म्हणण्यात आले. त्याखाली ११ एप्रिल १८५८ ची आंबापाणीची लढाई, सातपुड्यात खाज्या नाईकाच्या भिल्लांनी इंग्रजी पलटणीशी दिलेली. यांतील एकेका विषयात वाल्टर स्कॉटला दोन-दोन खंड पुरले नसते. रायगड, शनिवारवाडा आणि पानिपत या तीन स्थळांवर मराठी कादंबरीकारांची जी दाटी झाली आहे ती पाहता, पाचोरा किंवा शिरपूरच्या एखाद्या तरुण लेखकाने ही यादी वाचावी एवढी अपेक्षा मी येथे व्यक्त करतो.

अद्भुतरम्य कादंबऱ्यांवरील टिपणे संख्येने थोडी आहेत. ‘मंजुघोषा’ आता कुतूहलापलीकडे वाचवत नाही, हे मान्य केले पाहिजे. नाथमाधवांची १९१३ ची ‘वीरधवल’ मात्र आजही वाचकाला रात्री जागवते, आणि सिंहगडावर शिकारीच्या नादात कड्यावरून पडून अपंग झालेल्या माणसाने भुयारे, तटबंद्या आणि घोडदौडींचे एवढे चैतन्य पलंगावरून निर्माण केले याचे टिपणकारांना मोठे नवल वाटते. गो. ना. दातारशास्त्र्यांबद्दल त्यांचे मत थोडे उतरते आहे. रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कथांना धोतर-उपरणे नेसवून आणल्यावर त्यांच्या चालीत जो अवघडपणा राहतो तो त्यांना खटकतो. नारायण धारपांच्या भयकथा ते दिवसा वाचतात. नातीने आग्रहाने हाती दिलेला हॅरी पॉटर आणि ‘मेलुहाचे मृत्युंजय’ हेही त्यांनी नेटाने पुरे केले. या सर्वांना त्यांनी लावलेली कसोटी एकच आहे: लेखकाने आपल्या सृष्टीचा कायदा एकदा जाहीर केला की तो लेखकावरही बंधनकारक असतो, नायक संकटात सापडला म्हणून ऐन वेळी नवे परिपत्रक काढता येणार नाही. या निकषावर परक्या मुलांची जादूची शाळा उत्तीर्ण होते आणि आपली काही पौराणिक पुनर्लेखने अनुत्तीर्ण होतात, हे त्यांनी खेदपूर्वक लिहिले आहे.

खेदाचे कारण असे की अद्भुताची वाण आमच्या मुलखाला कधीच नव्हती. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ आहे. चौदाशे वर्षे मृत्यूला परतवून लावणारा आणि वाघावर बसून, सर्पाचा चाबूक करून ज्ञानेश्वरांच्या भेटीस निघालेला योगी तो हाच, आणि त्याला शिष्य करणारी मुक्ताबाई ज्या तापीतीरी विजेच्या लोळात अंतर्धान पावली ते ठिकाण तेथून दूर नाही. सातपुड्यात अस्तंब्याच्या शिखरावर अश्वत्थामा अद्याप भळभळती जखम घेऊन वावरतो आणि वाटसरूंकडे तेल मागतो अशी श्रद्धा आहे, दर दिवाळीला हजारो आदिवासी यात्रेकरू ते शिखर चढतात. तोच अश्वत्थामा अशीरगडावरच्या महादेवाला पहाटे फुले वाहून जातो असेही सांगतात. मृत्यूच नाकारला गेलेला माणूस हा जगातल्या कोणत्याही अद्भुत वाङ्मयाला पुरून उरेल असा विषय आहे. टिपणकारांना हवी आहे ती कादंबरी लंडनच्या गल्ल्यांतून धोतर नेसून आलेली नसावी, आणि पुराणातील वीराला आधुनिक सेनापतीचे भाषण देणारीही नसावी. अस्तंब्याच्या पायवाटेवरच्या पावरा-भिल्ल यात्रेकरूला ज्या सहजतेने अश्वत्थामा ठाऊक आहे त्या सहजतेने ती लिहिली जावी. ही अपेक्षा फार मोठी आहे. पण त्यांच्या सर्व शेऱ्यांत मला हाच सर्वाधिक आवडला.

प्रणयकथांचे प्रकरण मी आटोपते घेतो, कारण तेथे वाचकाला प्रस्तावनेची गरज भासणार नाही. ते सरळ वाचून हसावे. ना. सी. फडक्यांच्या ‘जादूगार’ आणि ‘दौलत’ या १९२८-२९ च्या कादंबऱ्यांनी रिसबुडांची तक्रार कायमची निकालात काढली: कॉलेज, टेनिस, मोटार आणि थंड हवेचे ठिकाण एवढ्या सामग्रीवर प्रेम जमू लागले, आणि राजपुत्रांची गरज उरली नाही. टिपणकार फडक्यांच्या रचनाकौशल्याला दाद देतात, पण त्या मोटारीचे पेट्रोल कोणाच्या पैशाने येते हे विचारल्यावाचून राहत नाहीत. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या त्यांनी तरुणपणी भुसावळ जंक्शनावर गाडीची वाट पाहताना वाचल्या होत्या. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘शामा’ या कथेवरून अश्लीलतेचा खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष ठरले, त्याच वर्षी त्यांच्या ‘निलांबरी’वरचा ‘दो रास्ते’ हा चित्रपट देशभर गाजला. आता त्या कथा पुन्हा वाचताना त्यांत अश्लील काय होते याचा शोध टिपणकारांना लागला नाही, आणि थोडी निराशा झाली, असे ते प्रांजळपणे लिहितात. सुमती क्षेत्रमाडे, योगिनी जोगळेकर, शकुंतला गोगटे, शैलजा राजे यांच्यावरील टिपणे मात्र मी प्रत्येकाने वाचावी असे सुचवितो. दुपारच्या फावल्या वेळेत दोन पिढ्यांच्या गृहिणींनी या लेखिकांची पुस्तके वाचनालयांतून झिजविली. त्यांत नायिकेच्या पगाराचा, सासरच्या खर्चाचा, माहेरी पाठवावयाच्या मनीऑर्डरीचा हिशेब बहुधा चोख असतो, आणि म्हणून आपल्या कसोटीला उतरणाऱ्या प्रेमकथा आपल्याला येथेच सापडल्या, हे टिपणकारांचे अनुमान समीक्षकांनी तपासून पाहण्यासारखे आहे. या नायिका खानदेशात बदलीवर आल्या तरी अहिराणीचा एक शब्द त्यांच्या कानी पडत नाही, ही तक्रार राहतेच.

संपादनाविषयी थोडे. शेऱ्यांची भाषा मी बदललेली नाही; ‘सबब’, ‘मजकूर इसम’, ‘बाद’, ‘फेरचौकशीस पात्र’ हे शब्द जेथे जसे होते तेथे तसेच ठेवले आहेत. क्रम वाचनाचा आहे, त्यामुळे ‘झेप’ पुढे आणि ‘मोचनगड’ मागे असे दिसेल. हयात लेखकांवरील दोन टिपणे, त्यांत व्यक्तिगत उल्लेख असल्यामुळे, टिपणकारांनीच काढून घेतली.

एका पुस्तकाचे स्थान मात्र आम्हाला ठरविता आले नाही. यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू’ २०१० साली निघाली. मोहेंजोदडोला उत्खनन करणारा खंडेराव वडिलांच्या आजारपणाची खबर मिळताच खानदेशातील आपल्या मोरगावाकडे निघतो आणि त्या प्रवासात त्याच्या स्मृतीतून गावाचे, घराण्याचे, जातीपातींचे थरावर थर वर येतात. टिपणकारांचा आग्रह असा की मराठीतील पहिली खरी खानदेशी ऐतिहासिक कादंबरी हीच, कारण हिच्यात फौज वाटेने निघून जाते आणि कादंबरी गावातच थांबते. मी म्हणालो, इतिहासाची जबाबदारी ज्या कादंबरीने उघडपणे पत्करलेली नाही तिला त्या कपाटात कोंबणे हा लेखकावर अन्याय आहे, आणि शिवाय ती आपण ज्या सामाजिक कादंबऱ्या टाळत आलात त्यांतलीच आहे. यावर त्यांनी माझ्या हरकतीखाली ‘नोंद घेतली, निर्णय स्थगित’ असे लिहून वही परत केली. ते टिपण, माझ्या हरकतीसह, कोणत्याही शीर्षकाखाली न घालता, शेवटी पुरवणी म्हणून जोडले आहे.